स्वस्त बटन, पक्के छिद्र

घरच्या घरी आर्केड कंट्रोलर, म्हणजे जुन्या खेळयंत्रांवर असे तशी दांडी आणि बटने बसवलेली पेटी, तयार करणाऱ्यांमध्ये बटनांच्या निवडीविषयी दोन मते हिरिरीने मांडली जातात. एका पक्षाचे म्हणणे असे की, सान्वा किंवा सेइमित्सू या जपानी कंपन्यांची बटने परवडत असतील तरच या कामाला हात घालावा, कारण स्वस्त बटनांनी पेटीचे खेळणे होते. दुसऱ्या पक्षाच्या मते बटन म्हणजे अखेर एक स्विच. दाबले की जोडणी होते, सोडले की तुटते, तेव्हा सर्वांत स्वस्त संच घेऊन मोकळे व्हावे. ही मते एकमेकांच्या विरुद्ध असली तरी बटन ही सुटी वस्तू असून तिची किंमत तिच्यापुरतीच ठरते हे गृहीतक दोन्हींना समान आहे, आणि तेच तपासून पाहण्याजोगे आहे.

पहिल्या पक्षाचे बळ आधी मान्य केले पाहिजे. सान्वाचे ओबीएसएफ-३० हे ३० मि.मी. व्यासाचे, छिद्रात वरून दाबून बसवताच खटकन अडकणारे बटन अतिशय हलके चालते, बोट जेमतेम टेकताच आतला संपर्क जुळतो आणि बोट उचलताच ते तितक्याच तत्परतेने वर येते. जपानी खेळघरांत या घडणीला मिळालेली मान्यता गुणांवरच मिळालेली आहे. मात्र या गुणांवरून महाग बटन ‘जलद’ असते असा जो निष्कर्ष काढला जातो, तो टिकत नाही. पडद्यावरचे चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते, म्हणजे एका चित्राचे आयुष्य सुमारे १६.७ मिलिसेकंद असते. बटनांकडून आलेली सूचना संगणकाला समजेल अशा रूपात पाठवणारी पाटी, जिला एन्कोडर म्हणतात, तिला संगणक सेकंदाला १२५ वेळा विचारणा करत असेल तर केवळ त्या वाट पाहण्यातच ८ मिलिसेकंदांपर्यंतचा काळ जाऊ शकतो. विचारणा सेकंदाला १,००० वेळा होत असेल तर तो एका मिलिसेकंदावर येतो. या हिशेबात बटनाच्या किमतीला स्थानच नाही. पाटीवर ‘झिरो डिले’ असे छापलेले असले म्हणून विलंब शून्य होत नाही, आणि मंद पाटीला जोडलेले उंची बटन मंदच राहते. २०२१ साली चार डॉलरला बाजारात आलेल्या रास्पबेरी पाय पिको या छोट्या नियंत्रक-पाटीवर जीपी२०४०-सीई हे मुक्त फर्मवेअर, म्हणजे पाटीतच बसणारी आज्ञावली, घालून केलेली पाटी स्वस्त बटनांसह वापरली, तर उंची बटने आणि मंद पाटी या जोडीपेक्षा ती निश्चितच सरस ठरते.

हलकेपणा हाच उत्तमतेचा एकमेव निकष, हेही खरे नाही. १९९१ साली स्ट्रीट फायटर टू हा लढतीचा खेळ आला तेव्हा त्याची सहा बटने अमेरिकेतील असंख्य यंत्रांवर हॅप या अमेरिकी कंपनीच्या पद्धतीची, खोलगट माथ्याची आणि दाबायला जड अशी होती, आणि त्यांवरही निष्णात खेळाडू घडले. हाताला कोणते वळण लागले आहे यावर बटनाची पसंती ठरते. तिला गुणवत्तेचा निर्णय समजणे चूक आहे.

दुसऱ्या पक्षाचे खंडन अधिक बारकाईने करावे लागते, कारण त्याचा युक्तिवाद वरवर पाहता व्यवहारी वाटतो. हॅप पद्धतीच्या स्वस्त बटनाखाली जो मायक्रोस्विच अडकवलेला असतो, म्हणजे आतल्या लवचीक पट्टीच्या उसळीने एका झटक्यात जोडणी करणारा स्विच, तो आकाराने मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारातल्या स्विचसारखाच असतो. त्यावर ‘१५ अँपिअर, २५० व्होल्ट’ असे आकडे दिसले की घेणाऱ्याला तो दणकट वाटतो. वस्तुस्थिती अशी की, मोठ्या प्रवाहासाठी घडवलेल्या या स्विचचे संपर्कबिंदू बहुधा चांदीच्या मिश्रधातूचे असतात, त्यांच्यावर कालांतराने काळसर थर चढतो आणि मोठा प्रवाह वाहताना उडणाऱ्या ठिणगीनेच तो जळून साफ होत राहतो. कंट्रोलरमध्ये ही ठिणगी कधी पडतच नाही. पिकोच्या चिपमध्ये, बटन मोकळे असताना पिनवर ३.३ व्होल्टचा दाब टिकवून धरणारा जो अंतर्गत पुल-अप रोधक असतो, तो ५० ते ८० किलोओहमचा आहे. म्हणजे बटन दाबल्यावर वाहणारा प्रवाह एका मिलीअँपिअरच्या पंधराव्या भागापलीकडे जात नाही. इतक्या क्षीण प्रवाहाला तो थर भेदता येईलच असे नाही, आणि मग नवे असताना चोख चालणारे बटन काही महिन्यांनी दहातला एखादा दाब गिळू लागते. दोष असा अधूनमधून प्रकटत असल्याने बनवणारा बिचारा तारा आणि फर्मवेअर तपासत बसतो.

यावर उपाय महाग बटनाचा नाही. प्रत्येक पिन आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये एक किलोओहमचा बाहेरचा रोधक जोडला की प्रवाह ३.३ मिलीअँपिअर होतो आणि जोडणी बरीच भरवशाची होते. किंवा सूक्ष्म प्रवाहासाठी केलेले, सोन्याचा मुलामा असलेल्या संपर्कांचे स्विच तेवढे बदलून घेता येतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मायक्रोस्विच मागताना अँपिअरचा मोठा आकडा न शोधता दाबाचे वजन विचारावे, कारण एकाच आकाराचे स्विच ५० ग्रॅमपासून २०० ग्रॅमपर्यंतच्या दाबाचे असतात आणि बोटाला रात्री जो शीण जाणवतो तो याच आकड्याचा असतो.

स्वस्त बटनाचे खरे समर्थन इथून पुढे सुरू होते. पेटीतल्या सर्व भागांत बटन हाच असा भाग आहे की जो हाताने काढून दुसरा बसवता येतो. छिद्र मात्र एकदा पाडले की पाडले. म्हणून काटकसर बटनात करावी, छिद्रात करू नये. जपानी पद्धतीच्या मोठ्या बटनांना ३० मि.मी., लहानांना २४ मि.मी. आणि हॅप पद्धतीला सुमारे २८ मि.मी. व्यासाचे छिद्र लागते. पुढेमागे चांगली बटने घेण्याचा विचार असेल तर छिद्र ३० मि.मी.चेच पाडावे, कारण मोठ्या छिद्रात हॅपचे बटन काठाच्या आणि नटाच्या आधाराने उभे राहते, पण लहान छिद्रात सान्वा शिरतच नाही. छिद्रे पाडायच्या फळीच्या जाडीचा प्रश्नही याच वेळी सोडवावा लागतो: खटक्याने बसणाऱ्या बटनांचे दोन लवचीक कान दोन ते चार मि.मी.च्या पत्र्याला किंवा ॲक्रिलिकलाच धरतात, तर १८ मि.मी.च्या प्लायवूडला हॅपसारखे लांब आट्यांचे, खालून नट आवळायचे बटनच हवे.

तारांचेही तसेच आहे. जपानी पद्धतीच्या बटनाचे टर्मिनल २.८ मि.मी. रुंद, तर हॅपच्या मायक्रोस्विचचे बहुधा ४.८ मि.मी. रुंद असते, आणि त्या त्या मापाचे सरकवायचे कनेक्टर तारेला दाबून लावले तर बटन बदलणे क्षणाचे काम होते. सोल्डर केल्यास ही सोय जाते, शिवाय स्वस्त बटनाचे प्लॅस्टिक उष्णतेने मऊ पडून टर्मिनल तिरके होते आणि आतला संपर्क कायमचा बिघडतो. स्वस्त बटनांबद्दलच्या कित्येक तक्रारींचे मूळ बटनात नसून या डागणीत असते.

संच घेण्यापूर्वी एकच नग आणून तपासावा. मल्टिमीटर आवाजाच्या खुणेवर ठेवून त्याच्या दोन्ही टोकांना बटनाचे टर्मिनल जोडावेत आणि माथा मधोमध न दाबता अगदी कडेला, सावकाश दाबावा, कारण खेळाच्या भरात बोट मध्यभागी क्वचितच पडते. चांगले बटन कडेने दाबले तरी सरळ खाली जाते, आवाज एकदाच आणि अखंड येतो. वाईट बटनाचा माथा तिरका होऊन भिंतीला घासतो, आवाज तुटक येतो, आणि बोट सोडल्यावर माथा निमिषभर खालीच अडकून राहतो. असे बटन खेळातल्या सहा छिद्रांत बसवू नये. खेळ सुरू करण्याच्या किंवा थांबवण्याच्या बटनाच्या जागी, जिथे बोट दिवसातून चार वेळा जाते, तिथे ते खुशाल लावावे.