पाच देशांचे एक गुरुजी

वाचकहो, पोटासाठी गाव सोडून परमुलखात जाणारा माणूस आपल्याला नवा नाही. नवी जागा, नवी भाषा, नवा साहेब आणि नोकरीचा भरवसा नाही. फुटबॉलच्या दुनियेत सारा जन्म असाच काढलेल्या एका प्रशिक्षकाची ओळख आज करून घेऊ. त्यांचे नाव बोरा मिलुटिनोविच.

त्यांचा जन्म १९४४ सालचा, तेव्हाच्या युगोस्लाव्हियातील सर्बियाचा. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. दोन्ही थोरले भाऊ नावाजलेले फुटबॉलपटू. त्यांच्या पाठोपाठ बोराही मैदानात उतरले. खेळत खेळत स्वित्झर्लंड, फ्रान्स करून ते मेक्सिकोला पोचले आणि तिथेच प्रशिक्षक झाले. १९८६ च्या विश्वचषकात त्यांचा मेक्सिको उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. पश्चिम जर्मनीपुढे तो हरला, तोही पेनल्टीवर.

पुढे १९९० साली कोस्टा रिका या चिमुकल्या देशाने त्यांना बोलावले. हा देश प्रथमच विश्वचषकात उतरत होता. तयारीला हाताशी अवघे काही महिने. सर्वांनी त्यांना मोडीत काढले होते. पण याच संघाने इटलीत स्कॉटलंडला १-० आणि स्वीडनला २-१ असे हरवून दुसरी फेरी गाठली! १९९४ मध्ये अमेरिका आणि १९९८ मध्ये नायजेरिया यांनाही बोरांनी दुसऱ्या फेरीत नेले. नायजेरियाने तर बलाढ्य स्पेनला ३-२ असे नमवले.

मग २००२ साली चीन. सलग पाच विश्वचषक, पाच वेगळे देश! चीन प्रथमच विश्वचषकाला पात्र ठरला होता. पहिला सामना ४ जूनला दक्षिण कोरियातील ग्वांगजू येथे झाला. समोर कोण, तर कोस्टा रिका! त्या संघाचे प्रशिक्षक होते अलेक्झांड्रे गिमारेस. हेच गिमारेस १९९० साली बोरांच्या हाताखाली खेळलेले. गुरू एका बाजूला, शिष्य दुसऱ्या बाजूला. शिष्य २-० असा जिंकला. चीन तिन्ही सामने हरला, एकही गोल झाला नाही. आकडे पाहणारा म्हणेल, बोरा नापास झाले. पण चीनचा पुरुष संघ विश्वचषकात खेळला तो त्या एकदाच, आणि तिथवर त्याला नेले ते बोरांनीच.

यातला एक धागा आपल्या दारापर्यंत येतो. हेच गिमारेस २०१६ ते २०१८ या काळात मुंबई सिटी संघाचे प्रशिक्षक होते. अंधेरीच्या मैदानावर त्यांनी आपल्याकडील पोरांना घडवले. पहिल्याच वर्षी साखळीत संघ अव्वल आला.

परमुलखात राबणाऱ्याचा करार आज ना उद्या संपतो. त्याच्या खुर्चीवर दुसरा बसतो, भिंतीवर त्याचे नावही राहत नाही. पण त्याने कोणाला मनापासून शिकवले असेल, तर ते काम शिकणाऱ्याच्या हातून पुढे चालत राहते. उद्या तो शिष्य आपल्याच विरुद्ध जिंकला तरी खऱ्या गुरूला वाईट वाटू नये. उलट, आपले शिकवणे फुकट गेले नाही याची ती पावतीच!

आपल्या घरी, कारखान्यात, वस्तीच्या मैदानावर आपल्या हाताखाली कोण शिकत आहे? आपल्याला येते ते सारे आपण त्याला देतो का? मुलाबाळांसह एकदा यावर बोला.