मारक्या जनावराचा दोष कोणाकडे?

जनावर मारकें निघालें कीं त्यास आखूड बांधावें, आसूड ओढावा आणि पुढच्या बाजारीं विकून मोकळें व्हावें, असा आपल्याकडील सर्वसाधारण परिपाठ आहे. आमच्या मतें हा परिपाठ अन्यायाचा तर आहेच, पण तोट्याचाही आहे; कारण जनावराचा राग म्हणजे खोडसाळपणा नव्हे, त्याचें मूळ बऱ्याच अंशीं मेंदूंतील रसायनांत असतें.

ह्याविषयीं सैबेरियांतील एक प्रयोग ध्यानांत घेण्यासारखा आहे. दिमित्री बेल्यायेव ह्या शास्त्रज्ञानें नोव्होसिबिर्स्क येथें इ. स. १९५९ सालीं, कातड्यासाठीं पाळल्या जाणाऱ्या रुपेरी खोकडांची निवड आरंभिली. कसोटी एकच: माणसास न भिणारीं, न चावणारीं तेवढींच पैदाशीस ठेवावयाचीं. नरांपैकीं शेंकडा ४-५ व माद्यांपैकीं शेंकडा सुमारें २० एवढींच निवडलीं जात. सहाव्या पिढीपर्यंत कांहीं पिल्लें आपण होऊन माणसाचे हात चाटूं लागलीं. पुढील तपासणींत ह्या वंशाच्या मेंदूंत सेरोटोनिन नांवाचें, पेशींमध्यें निरोप पोंचविणारें द्रव्य अधिक आढळलें. भीतीच्या वेळीं रक्तांत उतरणारा ग्रंथिरस कमी आढळला. उलट, रागीट वंशाचीं पिल्लें माणसाळलेल्या मादीखालीं वाढविलीं तरी रागीटच निघालीं.

मग हें द्रव्य टोंचून जनावर गरीब करतां येईल काय? तितकें सोपें नाहीं. सेरोटोनिन मोडणारा घटक ज्यांत नाहीं असे उंदीर, तें द्रव्य वाढूनही अधिकच भांडखोर होतात, असें १९९५ सालीं दिसून आलें. म्हणून भरंवसा औषधावर नव्हे, निवडीवर ठेवावा.

गुरांतही स्वभाव कांहीं अंशीं वंशांतून उतरतो. असें असतां वळू निवडतांना आपण शिंगें, वशिंड व चाल पाहतों. कृत्रिम रेतनाच्या वेळीं दुधाची चौकशी करतों. स्वभावाची मात्र कोणी करीत नाहीं. खिल्लारासारख्या मूळच्या तापट व चपळ जातींत तर ही चौकशी अगत्याची आहे. मारक्या वळूचा वंश वाढवूं नये, आणि जन्मलेल्या खोंडास लहानपणापासून हात लावून माणसाची संवय करावी. आसुडानें भीति वाढते, आणि भ्यालेलें जनावरच बहुधा शिंग उगारतें. निवड आणि वागणूक ह्या दोन्ही गोष्टी धन्याच्या हातच्या आहेत; तेव्हां दोषाचा मोठा वांटाही धन्याकडेच जातो, असें आम्हांस वाटतें.