जीटी मारण्यापेक्षा मॅक्रो लिहा

आपल्या हॉस्टेलवर चित्र काढायच्या दोनच पद्धती मान्य आहेत. फर्स्ट इयरला काचेखाली ट्यूबलाइट ठेवून जीटी, आणि पुढे कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही. दुसरी म्हणजे पहिलीच, फक्त मान दुखत नाही. माझं म्हणणं असं की, ज्या चित्रामागे काही नियम आहे ते चित्र आपण काढूच नये. नियम लिहावा आणि चित्र मशीनकडून काढून घ्यावं.

एसव्हीजी हा प्रकार त्यासाठी उत्तम. २००१ साली तो वेबचं प्रमाण म्हणून जाहीर झाला. जेपीजीत ठिपके साठवलेले असतात, म्हणून गॅदरिंगच्या फ्लेक्सवर लोगो ताणला की चौकोन चौकोन दिसतात. एसव्हीजीत साधा मजकूर असतो : इथे वर्तुळ, त्रिज्या इतकी, रंग अमुक. (कॉन्व्हेंटमुळे त्रिज्या मला रेडियस म्हणूनच ठाऊक होती, ते सोडा.) फ्लेक्स कितीही मोठा करा, कडा स्वच्छ राहतात. पण हा मजकूर हाताने लिहिणं म्हणजे शिक्षा. एक टॅग बंद करायचा राहिला की ब्राउझर एरर तोंडावर फेकतो.

इथे मॅक्रो कामाला येतो. मॅक्रो म्हटलं की आपल्याला व्हायव्हातला सी लँग्वेजचा प्रश्न आठवतो : वर्गाची व्याख्या 'एक्स गुणिले एक्स', आत २+३ दिले, उत्तर २५ ऐवजी ११ का? कारण सीचा मॅक्रो अक्षरं उचलून चिकटवतो. म्हणजे तीही जीटीच! लिस्पच्या घराण्यातला मॅक्रो वेगळा. प्रोग्राम चालण्याआधीच त्याच्या हाती प्रोग्रामची रचना येते आणि तिच्यातून तो नवी रचना करून देतो. लिस्पमध्ये ही सोय १९६३ पासून आहे.

आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण घ्या. जालन्यात तालुके आठ. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चारदा मोजते. म्हणजे नकाशाही चारदा रंगवायला हवा. रॅकेट ही लिस्पच्याच कुळातली भाषा देवनागरी नावं बिनतक्रार घेते. तिच्यात 'तालुका' नावाचा मॅक्रो केला की मी एवढंच लिहायचं : (तालुका मंठा), (तालुका भोकरदन). अवतरणचिन्हं नाहीत, टॅग नाहीत. साध्या फंक्शनला असं उघडं नाव दिलं तर ते त्याला व्हेरिएबल समजतं. मॅक्रो ते नाव आठांच्या यादीशी ताडून बघतो, आणि घनसावंगीचं 'घनसांगवी' झालं असेल तर प्रोग्राम सुरू व्हायच्या आधीच अडवतो. बाकी टॅग उघडणं-मिटणं त्याच्याकडे. सीमेचे बिंदू मात्र एकदा बसून भरावे लागतात, त्याला इलाज नाही.

सगळीकडे मॅक्रो घुसडायचं कारण नाही. पातळीवरून रंग ठरवायला फंक्शन पुरे, आणि नवे आकडे फाइलमधून वाचले की झालं. "प्लेसमेंटला लिस्प कोण विचारतं?" असं सीनियर म्हणतात. कोणी नाही विचारत. पण रस्टमध्येही रचनेवर चालणारे मॅक्रो आहेत, आणि एकदा ही गोष्ट डोक्यात बसली की ती तिथेही चालते. शिवाय २०१२-१३ च्या दुष्काळात सर्वांत जास्त होरपळलेल्या जिल्ह्यांत जालना होता. विहिरींचे आकडे तक्त्यात पडून राहिले तर ते कोण वाचणार? आठ रंगांचा नकाशा गावातली आजीसुद्धा वाचेल.

म्हणून सरांना आणि मॅडमना विनंती आहे. मिनी प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये आकृतीसोबत ती काढणारा कोडही मागा, आणि व्हायव्हात त्यातली एक ओळ बदलायला सांगा. इंटरनेटवरून उचललेली आकृती कुणाची, ते दोन मिनिटांत कळेल. सुरुवात आमच्या बॅचपासून केली तरी चालेल. दंगा होईल, पण मी सह्या गोळा करायला तयार आहे.