बाईनं फक्त रडगाणंच लिहावं?

‘कोरडवाहू यवतमाळात अद्भुतकथा कसल्या लिहिता? वास्तव लिहा!’ असं मला सुनावतात. जानेवारी २०१९मध्ये इथल्या साहित्य संमेलनाचं उद्‌घाटन वैशाली येडे या शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबातल्या बाईनं केलं. योग्यच झालं. पण आमच्याकडे फक्त दुःखच मागायचं, कल्पना नाही, हा कुठला न्याय? व्रताच्या कहाण्यांतलं अद्भुत मात्र चालतं. कारण शेवटी नवरा नि मुलगा पदरात पडतो! १९०५ साली रुकैया सखावत हुसेन यांनी ‘सुलतानाचं स्वप्न’ ही इंग्रजी कथा लिहिली. तिथे पुरुष पडद्यात. बाया नळ्या लावून आभाळातलं पाणी उतरवतात, उन्हावर रांधतात. याला पळवाट म्हणायचं? मैत्रिणींनो, पाणी उतरवणाऱ्या पोरीची गोष्ट आपणच लिहू. लेकरांसाठी, आणि आपल्यासाठीही.