राखेच्या भिंतीखाली कोण राहतो?

चाकणच्या कारखान्यात पहिल्या पाळीला निघालेल्या कंत्राटी कामगारांना गाव विचारा. नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड अशी नावे ऐकू येतील. हे कामगार ज्या मशीनवर उभे राहतात, तिला लागणाऱ्या विजेतही विदर्भाच्या कोळशाचा वाटा आहे. वीज इकडे येते, राख मात्र त्यांच्या गावाशेजारीच राहते.

जुलै 2022 मध्ये कोराडी औष्णिक वीज केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला. राखेचा चिखल शेतांत आणि वस्तीत शिरला, कोलार व कन्हान नद्यांत उतरला. कन्हानचे पाणी नागपूर पिते. अशा वेळी अतिवृष्टीकडे बोट दाखवणे सोपे असते. पण पाऊस दरवर्षीच येतो. भिंत कशाची होती आणि तिच्यावर कोणाचे लक्ष होते, हा खरा प्रश्न आहे.

खाणीतला दळलेला गाळ असो की वीज केंद्राची राख, दोन्ही पाण्यात कालवून तळ्यात सोडतात. जाड कण सोडल्या जागीच बसतात, बारीक कण दूर जातात आणि पाणी धरून ठेवतात. तळे भरले की पैसा वाचवण्यासाठी साचलेल्या थरावरच नवा बांध चढवतात. म्हणजे भिंतीचा पाया कचऱ्याचाच! हा माल ओलसर असेपर्यंत घट्ट वाटतो. पण सैल थरात पाणी पूर्ण भरले आणि थर किंचित जरी सरकला, तर कणांवरचा भार पाण्यावर जातो, कणांची पकड सुटते आणि घट्ट दिसणारी भिंत पातळ होऊन वाहते. त्याला भूकंप लागत नाही.

ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्यो येथे 25 जानेवारी 2019 रोजी हेच घडले. लोखंडाच्या खाणीचा बांध कोसळला, 270 माणसे गेली. त्या बांधात 2016 पासून गाळ टाकणे बंद होते, तो सुरक्षित असल्याचा दाखलाही होता. आणि बांधाच्या थेट खाली काय होते? कामगारांची खानावळ! जेवणाच्या सुट्टीत कामगार गाडले गेले.

पुणे जिल्ह्याला हे नवे नाही. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे अपुरे मातीचे धरण फुटले आणि पुण्याचा नदीकाठ वाहून गेला. काठावर, सखल भागात, भिंतीखाली कोण राहतो हे या देशात योगायोगाने ठरत नाही. ज्याला गावात जागा नाकारली, त्याच्या वाट्याला तीच जमीन येते.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. खाणकामगारांचे हाल पाहायला ते डिसेंबर 1943 मध्ये धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले. त्याच काळात दामोदर आणि महानदीच्या योजनांची पायाभरणी त्यांच्या खात्यात झाली. धरण आणि कामगार हे दोन्ही विषय त्यांच्या एकाच टेबलावर होते. आजच्या राज्यकर्त्यांनी ते वेगळे केले आहेत. 2021 च्या धरण सुरक्षा कायद्यात धरण म्हणजे नदी-उपनदीवर पाणी अडवण्यासाठी बांधलेली भिंत. मग राखेच्या आणि गाळाच्या भिंतींचा वाली कोण?

टाकाऊ माल भरावाला वापरू नये असे आम्ही म्हणत नाही. भोसरीच्या फौंड्रीतली जळालेली वाळू असो की राख, नीट तपासून, थर दाबून, पाण्याला वाट ठेवून वापरली तर तीही उपयोगी पडते. पण तपासणी भिजलेल्या अवस्थेतली हवी. बांधातल्या पाण्याची पातळी मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली पाहिजे. पावसाळ्यापूर्वीची पाहणी मालकाच्या पैशावर न जगणाऱ्या तज्ज्ञाने केली पाहिजे. आणि भिंतीखाली वस्ती वा खानावळ नको.

कामगार संघटनांनी बोनसच्या मागणीपत्रात हे चार शब्द घालावेत. चाकणला राबणाऱ्याचे आईवडील त्या भिंतीखाली झोपतात. त्यांची झोप सुरक्षित करणे हीसुद्धा चळवळच आहे!