गाडी पीथमपूरची, सांधा सीलबंद

माळव्यातल्या धारच्या लाट मशिदीच्या आवारात लोखंडाचे तीन तुकडे ठेवलेले आहेत. जोडून पाहिले तर तेरा मीटरांहून लांब आणि सुमारे सात टन वजनाचा खांब होतो. भोजराजाच्या काळचा, म्हणजे अकराव्या शतकातला, असं परंपरा मानते. लोखंडाचे गोळे तापवून, ठोकून, एकाला एक जोडत तो घडवला गेला. जहांगीर 1617 मध्ये या भागात आला तेव्हा खांब आधीच मोडलेला होता. गुजरातच्या बहादूरशहाला तो आपल्या मुलखात न्यायचा होता, उतरवताना तो आपटला आणि तुटला, असं जहांगीरने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं. म्हणजे खांब भाराने नाही मोडला. दणक्याने मोडला.

जंगलात, घाटात, चिखलात फोर बाय फोर गाड्या घालणाऱ्यांना हा फरक पुस्तकातून शिकावा लागत नाही. चाक एका दगडापाशी अडतं, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असतं, चालक वैतागून पाय दाबतो. चाक चिखलात गरगर फिरतं आणि अचानक खालचा दगड पकडतं. कडाक् असा आवाज येतो. इंजिन चालू, गिअर पडलेला, आणि पुढचं चाक मात्र जागचं हलत नाही. एक्सलचा सांधा गेला.

ही गोष्ट धार-देवासच्या निमित्ताने सांगण्याचं कारण साधं आहे. धार जिल्ह्यातल्या पीथमपूरमध्ये फोर्स मोटर्सची फोर बाय फोर गुरखा बनते. नवलमल फिरोदियांनी 1958 मध्ये सुरू केलेल्या बजाज टेम्पोचीच ही कंपनी, मुख्यालय पुण्याजवळ आकुर्डीला. निमाड-झाबुआकडे लग्नाचं वऱ्हाड, बाजारहाट आणि शाळेतली पोरं वाहणारी ‘तूफान’ही याच घरातली. तासाभराच्या अंतरावरच्या देवासला 1960च्या दशकापासून गाड्यांचे गिअर बनतात. शिवाय पीथमपूरलाच नॅट्रॅक्स हे वाहनांचं चाचणी केंद्र आहे. तिथला 11.3 किलोमीटरचा अतिवेग ट्रॅक जून 2021 मध्ये खुला झाला तेव्हा आशियातला सर्वांत लांब म्हणून गाजला. त्याच आवारात गाड्यांना हादरवून थकवणारे आणि चढावर घासणारे ट्रॅकही आहेत. गाडीचा सांधा घडवण्यापासून तो मोडेपर्यंत तपासण्याची सगळी सोय इथे दोन जिल्ह्यांत आहे. तोच सांधा मोडल्यावर दुरुस्त करायची सोय मात्र मिस्त्रीच्या अंदाजावर सोडलेली आहे.

आधी सांधा म्हणजे काय ते पाहू. मागच्या चाकांना वळायचं नसतं, त्यामुळे सरळ दांडा चालतो. पुढच्या चाकाला मात्र एकाच वेळी फिरायचंही असतं आणि वळायचंही. दांड्याला कोपर लागतं. जुना उपाय म्हणजे ‘क्रॉस’. सोळाव्या शतकातल्या कार्दानोचं आणि सतराव्या शतकातल्या हूकचं नाव त्याला चिकटलेलं आहे. क्रॉस दणकट असतो, पण कोनात गेला की एका फेरीत दोनदा पुढचा दांडा जलद-मंद होतो, गाडी थरथरते. 1920च्या दशकात आल्फ्रेड झेप्पा नावाच्या अभियंत्याने सहा पोलादी गोळ्यांचा सांधा काढला. एका मर्यादेत कोन कितीही असो, वेग सारखा राहतो. आज गॅरेजात ज्याला ‘सीव्ही’ म्हणतात तो हाच. त्याच्यावर रबरी बूट, आत काळं ग्रीस. बूट फाटला की ग्रीस बाहेर आणि माळव्याची माती आत.

ही माती हे वेगळं प्रकरण आहे. काळी, पाणी प्यायली की फुगणारी, सुकली की भेगाळणारी. ओली असताना ती चाकाच्या आत, नकलच्या (स्टिअरिंगने वळणाऱ्या भागाच्या) खाचेत, बुटाच्या घड्यांत भरून बसते. उन्हात ती विटेसारखी होते आणि पुढच्या वळणाला रबर चिरते. मांडूच्या घाटापासून कुक्षीच्या शेतरस्त्यांपर्यंत फिरणाऱ्या गाडीच्या सांध्याचा खरा मारेकरी बहुतेक वेळा दगड नसतो, चार महिन्यांपूर्वीची ही चीर असते. दगड फक्त शेवटचा धक्का देतो.

आता ताकदीचा हिशोब. 2024 च्या गुरखाचं इंजिन 320 न्यूटन-मीटर टॉर्क देतं. मोजायला सोपे आकडे धरू: पहिला गिअर चौपट, लो रेंज अडीचपट, डिफरन्शियल पुन्हा चौपट. गुणाकार चाळीसपट. म्हणजे एक्सलपाशी बारा हजार न्यूटन-मीटरांच्या पुढे. साध्या डिफरन्शियलमध्ये ही ताकद दोन्ही चाकांना समसमान वाटली जाते, घसरणारं चाक कमी घेतं म्हणून दुसऱ्यालाही कमी मिळतं. देवासला थोरली पाती आणि धाकटी पाती अशी पवारांची दोन राज्यं एकाच गावात शेजारी नांदली, तसा काहीसा हा कारभार. डिफरन्शियलचं लॉक टाकलं की वाटणी मोडते. जे चाक जमिनीला धरून आहे त्या एकट्याच्या दांड्यावर जवळजवळ सगळा भार येऊ शकतो. गुरखात पुढे आणि मागे दोन्ही लॉक कारखान्यातूनच येतात. ती तिची शान आहे, आणि अडाण्याच्या हातात तिची परीक्षाही.

त्यात हौस भर घालते. 31 इंची टायर काढून 35 इंची बसवले की फोटो छान येतो. पण चाक घसरण्याआधी सांध्यावर येणारा पीळ त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे सुमारे तेरा टक्क्यांनी. टायरचं वाढलेलं वजन वेगळंच. सांधा तोच. गाडी उंच केली तर त्याचा कोनही बिघडतो. मग तुटल्यावर शिव्या कंपनीला. हा अन्याय आहे.

पण सांधा तुटणं ही नेहमी शोकांतिकाही नसते. घरातला फ्यूज उडतो म्हणून तारा वाचतात. तसं एक्सलमध्ये कुठे तरी काही तरी आधी तुटायला हवंच. ते डिफरन्शियलचे क्राउन-पिनियन असले तर गाडी जागेवर बसते. चाकापाशी असलेला, चार पान्यांनी उघडणारा सांधा असला तर माणूस संध्याकाळपर्यंत घरी पोचतो. म्हणूनच गोव्यात 2014 पासून भर पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांत उतरणारे गडी विंचच्या जोडीला सुटे दांडेही बरोबर ठेवतात. दांडा मोडणार हे गृहीत धरूनच ते निघतात.

रानात पुढचा सांधा गेला तर करायचं एवढंच: पाय काढायचा, लॉक काढायचं, हब मोकळे करता येत असतील तर करायचे आणि मागच्या चाकांवर हळू बाहेर यायचं. तुटलेले गोळे, त्यांना धरणाऱ्या पिंजऱ्याचे तुकडे नकलमध्ये अडकून स्टिअरिंग जाम करू शकतात, ते आधी काढायला हवेत. एक सावधगिरी मात्र फार लोकांना माहीत नसते. काही गाड्यांत सांध्याचा बाहेरचा खुंटच चाकाचं बेअरिंग आवळून धरतो. तो पूर्ण काढून गाडी चालवली तर चाकच सैल होतं. मागच्या एक्सलचंही तसंच. फुल-फ्लोटिंग असेल तर दांडा उपसून काढला तरी चाक जागी राहतं, सेमी-फ्लोटिंगमध्ये दांड्याबरोबर चाकही बाहेर येतं. आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे, हे मालकाला गाडी घेतानाच सांगायला हवं. मालकाच्या पुस्तिकेत गाण्यांची यंत्रणा कशी लावायची यावर पानंच्या पानं असतात. एक्सलवर अनेकदा एक ओळ: अधिकृत केंद्राशी संपर्क साधा.

खरं भांडण इथे आहे. अनेक कंपन्यांच्या सुट्या भागांच्या यादीत आज बूट, ग्रीस, बाहेरचा सांधा वेगळे मिळण्याऐवजी ‘असेंब्ली’ मिळते. काही शे रुपयांचं रबर फाटलं म्हणून काही हजारांचा पूर्ण दांडा बदला. याउलट फोर्सच्याच जुन्या ट्रॅक्स गाडीचा मागच्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस धामनोदचा मिस्त्री तासाभरात बदलतो, कारण तो वेगळा मिळतो, त्याचं माप त्याला पाठ आहे आणि ग्रीस भरायला निपल आहे. तंत्र जुनं म्हणून ते सोपं आहे असं नाही. ते उघडं ठेवलेलं आहे म्हणून सोपं आहे.

केंद्र सरकारने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्याच वर्षी 24 डिसेंबरला, ग्राहक दिनी, या हक्काचं पोर्टल सुरू झालं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि घरगुती उपकरणांबरोबर वाहनंही त्यात आली. चांगलं झालं. पण पोर्टलवरचे संपर्क क्रमांक आणि हमीच्या अटी म्हणजे दुरुस्तीचा हक्क नव्हे. सांध्याची उलगडलेली आकृती, प्रत्येक भागाचा क्रमांक, नट किती आवळायचा तो आकडा, हे हिंदी-मराठीत मिळालं पाहिजे. आणि ते धार-देवासच्या आयटीआयपासून सुरू व्हावं. तिथे मोटर मेकॅनिकची मुलं दोन वर्षं शिकतात, कारखान्याचं फाटक हाकेच्या अंतरावर असतं.

संरक्षण दलांनी मार्च 2025 मध्ये 2,978 गुरखांची मागणी नोंदवली. लष्कराच्या तुकडीकडे कार्यशाळा असते, सुटे भाग असतात, उघडं मॅन्युअल असतं. पीथमपूरपासून काही तासांवरच्या बाग-डहीच्या तूफानवाल्याला यातलं काहीच मिळत नाही, आणि त्याच्या गाडीत बसलेली माणसं दहाच्या वर असतात.

नियम बदलेपर्यंत तरी मृगाचा पाऊस लागण्याआधी एक काम करावं. स्टिअरिंग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पूर्ण वळवून टॉर्च घेऊन चाकामागे वाकावं. रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले, किंवा मोकळ्या मैदानात हळू गोल फिरताना खट्-खट् ऐकू आली, तर आधी गॅरेज, मग मांडू.