संडासावाटे रक्त म्हणजे मूळव्याधच नव्हे

आपल्या वस्तीत कुणाला संडासावाटे रक्त पडले की निदान आधीच ठरलेले असते: मूळव्याध. कुणी मलम सुचवतो, कुणी चूर्ण आणून देतो, कुणी भिंतीवरच्या ‘विनाऑपरेशन हमखास इलाज’ या जाहिरातीकडे बोट दाखवतो. माणूस तिशीतला असेल तर कॅन्सरची शंका कुणालाच येत नाही. ती यायला हवी, असे आम्हाला वाटते.

मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कॅन्सर हा उतारवयाचा आजार, असे डॉक्टरही मानत आले. पण गेल्या काही दशकांत अनेक देशांत पन्नाशीच्या आतल्या लोकांत तो वाढतो आहे. ‘ब्लॅक पँथर’ सिनेमाचा नायक चॅडविक बोसमन २०२० साली याच आजाराने गेला, अवघ्या ४३ व्या वर्षी. अमेरिकेत २०२१ मध्ये तज्ज्ञांनी नियमित तपासणी सुरू करण्याचे वय ५० वरून ४५ वर आणले. लठ्ठपणा, बैठे काम, दारू, तंबाखू यांनी धोका वाढतो. आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा आजार झाला असेल तर अधिकच.

रक्त पडणे, पोटात सतत दुखणे, काही आठवडे न थांबणारे जुलाब किंवा नव्याने सुरू झालेली बद्धकोष्ठता, विनाकारण वजन घटणे, अंगात रक्त कमी होणे, ही लक्षणे ध्यानात ठेवा. बाईचे रक्त कमी झाले की पाळीवर ढकलले जाते, पुरुषाचे झाले की कामाच्या दगदगीवर. तपासत कुणीच नाही.

दोष आजारी माणसाचा नाही. सार्वजनिक संडासात दिवा नसतो, बाहेर रांग उभी असते. कोण काय बघणार? आणि दिसले तरी सांगायची लाज वाटते. पण ज्याच्याकडे आपण पैसे मोजून जातो, त्या डॉक्टरने न तपासता महिनोन्महिने मलम लिहून देणे आम्हाला मान्य नाही. त्याला स्पष्ट विचारा: बोटाने तपासणी केली का? हिमोग्लोबिन पाहिले का? दुर्बिणीची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, लागेल का?

आजार आतड्यापुरताच असताना सापडला, तर अमेरिकेतल्या आकडेवारीनुसार दहापैकी नऊ रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. दूरवर पसरल्यावर दहापैकी एक किंवा दोनच. इतका फरक वेळेने पडतो.

खर्चाच्या भीतीने थांबू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा.

तपासणीत बहुतेकांना मूळव्याधच निघेल. तेव्हा पैसे वाया गेले असे म्हणू नका. घोर मिटला, असे म्हणा.